मेक्सकाल्तितान बेटावरची बिनपाटीची खाणावळ

या खाणावळीला पाटी नाही, म्हणून पत्ता आधी सांगते. मेक्सिकोच्या नायारित राज्यात मेक्सकाल्तितान हे बेटावरचं गाव आहे. होडीतून उतरलं की सरळ चौकात यायचं. सान पेद्रो आणि सान पाब्लो (संत पीटर आणि संत पॉल) यांचं चर्च पाठीमागे ठेवायचं, समोरची गल्ली धरायची आणि पाणी दिसेपर्यंत चालत राहायचं. फार चालावं लागत नाही. एका टोकाहून दुसरं टोक चारशे मीटरच्या आत आहे. शेवटच्या कौलारू घराला निळं दार आहे. ते उघडंच असतं. घरातून आरपार गेलं की मागच्या अंगणात पत्र्याखाली पाच टेबलं, एक चूल आणि पलीकडे थेट तलाव.

मी तिथे दोनदा जेवले. पहिल्यांदा २९ जूनला, गावच्या जत्रेच्या दिवशी, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, आईला घेऊन. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ग्वादालाहाराला आली होती. माझ्या आजोबांची होडी होती, त्यामुळे आईचं बालपण आणि नंतरचीही बरीच वर्षं कोलंबी सोलण्यात आणि सोडे वाळवण्यात गेली. तिच्यापुढे कोलंबीचं ताट ठेवणं म्हणजे परीक्षाच. दोन्ही वेळचं जेवण इतकं वेगळं होतं की जागा एकच होती यावर विश्वास बसू नये. स्वयंपाक करणारी बाई तीच होती. फरक तलावात होता. म्हणून आधी तलावाबद्दल सांगते, त्याशिवाय ताटाबद्दल बोलता येणार नाही.

हा सगळा भाग मारिस्मास नासिओनालेस म्हणून ओळखला जातो. खाजणं, खाड्या, कांदळवनं आणि उथळ तलाव यांचं हे जाळं १९९५ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. नायारितमधल्या भागाला २०१० मध्ये जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कोलंबी अंडी घालते समुद्रात. तिची बोटाच्या नखाहूनही लहान पिल्लं भरतीबरोबर आत येतात, कांदळाच्या मुळांत आणि गढूळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात, आणि पावसाळ्यात नद्यांचं पाणी उतरलं की अर्धीमुर्धी मोठी होऊन पुन्हा समुद्राकडे निघतात. गावाचा सगळा धंदा या परतीच्या वाटेवर उभा आहे. खाडीच्या तोंडाशी काठ्यांची आणि पट्ट्यांची कुडासारखी भिंत घालतात. तिला ‘तापो’ म्हणतात. पाणी आरपार जातं, कोलंबी अडते. ही रीत स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची. आता कित्येक ठिकाणी काठ्यांच्या जागी सिमेंटचे खांब आले आहेत, पण काम तेच. बाकीचे रात्री होडीत उभं राहून पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, फेकतात. पागाला तिथे ‘आतार्राया’ म्हणतात.

आम्हाला ला बातांगाच्या धक्क्यावरून बेटावर नेणाऱ्या होडीवाल्यानं आईला आपला पाग दाखवला. आईनं कडेचं शिसं बोटांनी चाचपलं, एक गाठ उलटून पाहिली आणि मला म्हणाली, “अगं, हा आपल्यासारखाच विणलाय. घेर तेवढा मोठा आहे.” मी ते त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, तेव्हा त्यानं मोटर बंद केली, उभा राहिला आणि एकदा फेकून दाखवला. पाग हवेत पूर्ण गोल उघडला. त्यात आलं काहीच नाही, दुपारची वेळ होती. पण आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून माझे ग्वादालाहारापासूनचे सगळे टोलचे पैसे वसूल झाले.

आता जूनबद्दल.

२९ जून हा सान पेद्रो आणि सान पाब्लोचा दिवस. पेद्रो स्वतः मासेमार, त्यामुळे या गावाचा तो हक्काचा संत. चर्चमधल्या दोन्ही मूर्ती फुलांनी सजवलेल्या दोन होड्यांत बसवतात, पाद्री येतो, पाण्याला आशीर्वाद देतो आणि मग होड्यांची शर्यत लागते. मागोमाग गावातल्या, आसपासच्या वाड्यांतल्या होड्या, बँडवाले, पोरंबाळं. पेद्रोची होडी पुढे गेली तर कोलंबीचा हंगाम चांगला जाणार अशी गावाची श्रद्धा आहे. मी काठावर एका आजींशेजारी उभी होते. होड्या वळणावरून दिसेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि पुन्हा दिसेपर्यंत सोडला नाही. मला तोवर वाटत होतं की ही पर्यटकांसाठीची गंमत असेल. त्या हाताची पकड गमतीची नव्हती.

पण हे लक्षात घ्या की या दिवशी कोलंबीला बंदी असते. सरकार दरवर्षी वसंत ऋतूत बंदी जाहीर करतं (तिला तिथे ‘वेदा’ म्हणतात) आणि साधारण सप्टेंबरात उठवतं, तलाव-खाड्यांसाठी आधी आणि खोल समुद्रासाठी नंतर. म्हणजे जत्रेच्या दिवशी गावात माणसं खच्चून भरलेली आणि तलावातली ताजी कोलंबी मात्र पकडायची नाही. ती असते येणाऱ्या हंगामासाठीची प्रार्थना. मी हे समजून न घेता गेले आणि ताज्या कोलंबीची अपेक्षा धरून बसले.

त्या दिवशी आधी आम्ही चौकाजवळच्या एका दुसऱ्या ठिकाणी जेवायला बसलो होतो. नाव लिहीत नाही. एक तास चाळीस मिनिटांनी ताटं आली. कोलंबी एकसारख्या मापाची, सोललेली, बर्फातून काढलेली, चवीला कापूस. तलावाची का, असं विचारलं तर वाढणारा मुलगा हो म्हणाला. ती तलावाची नव्हती. मेक्सिकोत आज खाल्ल्या जाणाऱ्या कोलंबीचा मोठा भाग सोनोरा आणि सिनालोआमधल्या शेततळ्यांतून येतो, आणि त्यात काही गैर नाही. पण मग तसं सांगावं. भुकेल्या पोटी आम्ही उठलो आणि फिरत फिरत त्या निळ्या दारापाशी पोचलो.

इथल्या बाईंना मी तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “आज ताजी नाही, मिहा. बंदी आहे. सुकवलेली आहे, मागच्या हंगामाची, माझ्या हातची. तिचं तास्तिवील करून देते. नको असेल तर लिसा मासा आहे.” मिहा म्हणजे ‘माझ्या पोरी’. या एका सरळ उत्तरासाठी मी या खाणावळीला अर्धे गुण देऊन टाकले.

तास्तिवील हा या बेटाचा मुख्य पदार्थ, आणि फार जुना. सोप्या शब्दांत सांगायचं तर मक्याचं पीठ लावलेलं कोलंबीचं कालवण. पण आपण बेसन किंवा तांदळाचं पीठ लावतो तसं कोरडं पीठ नव्हे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, ओलाच वाटतात. तो गोळा पाण्यात कालवून, गाळून, उकळत्या रश्शात बारीक धारेनं सोडायचा आणि हात न थांबवता ढवळायचं. वाळलेल्या लाल मिरच्या भिजवून लसणाबरोबर वाटलेल्या असतात, त्यानं विटकरी रंग येतो. जूनमधलं तास्तिवील सुक्या कोलंबीचं होतं. वास खोल, चव तीव्र, पण खारट. मीठ फार, आणि खालच्या थरात तर जास्तच. एका मैत्रिणीनं अर्ध्यावर सोडलं. मी लिंबू पिळून, तोर्तिया बुडवून संपवलं. चांगलं होतं, पण परत यावं इतकं नव्हतं. परत आणलं ते त्या उत्तरानं.

ऑक्टोबरात आम्ही गुरुवारी गेलो. ग्वादालाहाराहून तेपिकपर्यंत टोलचा रस्ता, पुढे १५ नंबरच्या महामार्गानं उत्तरेला, मग सांतियागो इक्स्कुइंत्ला, सेंतिस्पाक आणि शेवटी शेतांमधून कांदळवनात शिरणारा रस्ता. नायारितचं घड्याळ हालिस्कोच्या, म्हणजे ग्वादालाहारा ज्या राज्यात आहे त्याच्या, एक तास मागे आहे, त्यामुळे पहाटे निघालात तर हातात एक तास जादा मिळतो. येण्याजाण्याच्या होडीचे, फक्त आमच्या दोघींसाठी, मी ३०० पेसो दिले. इतर लोक जमेपर्यंत थांबलात तर फार कमी पडतात.

बेटावर पाय ठेवल्यावर आई थांबली. पावसाळ्यात पाणी चढलं की गल्ल्यांतून होड्या चालतात, म्हणून घरांपुढचे ओटे गुडघाभर उंच आहेत, आणि त्या दिवशी सगळ्या ओट्यांवर कोलंबी वाळत होती. नारिंगी, तांबूस, काही ठिकाणी अजून ओलसर. मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात पसरलेली. एक पोरगं काठी घेऊन कोंबड्या हाकत बसलं होतं. आई खाली वाकली, एक उचलली, वास घेतला, मधोमध मोडली. “अजून एक ऊन पायजे हिला,” म्हणाली. ओट्यावरच्या बाईला भाषा कळली नाही, पण मोडण्याची रीत कळली. तिनं बोटानं आकाशाकडे दाखवलं, मग एक बोट वर केलं. उद्याचं एक ऊन.

खाणावळीत ताजी कोलंबी आदल्या रात्रीची होती. बाईंचा मुलगा तापोवर जातो. त्यानं टोपली आणून टेबलावरच ठेवली. लहान, राखाडी, अर्धपारदर्शक, लांब मिशांची. हॉटेलांतल्या जंगी कोलंबीची ज्यांना सवय आहे त्यांना हा आकार पाहून फसवल्यासारखं वाटेल. फसू नका. ही समुद्राकडे निघालेली वयात येणारी कोलंबी आहे, तिचं कवच पातळ आणि मांस गोड असतं. आईनं एकीचं डोकं पिळून पाहिलं आणि मान हलवली. आमच्या घरात या मान हलवण्याचा अर्थ ‘घ्या’ असा आहे.

मग तास्तिवील. बाईंनी डोकी आणि कवचं वेगळी काढून चुलीवर कोरडीच परतली, पाणी घातलं, उकळलं, वाटलं, गाळलं. सगळा रस त्या पाण्यात. मिरची, लसूण, जिरं. मग मका. सोललेली कोलंबी अगदी शेवटी, आणि भांडं लगेच खाली. आई चुलीपाशी उभी राहून पाहत होती. तिला एकही शब्द कळत नव्हता. पीठ सोडायची वेळ आली तेव्हा बाईंनी पळी तिच्या हातात दिली आणि स्वतः धार धरली. एक ओतते, दुसरी ढवळते, असं दोघींचं काही मिनिटं चाललं होतं आणि मी भाषांतर करायला मध्ये पडले नाही.

चव? पहिल्या घासाला मक्याचा गोडवा, लगेच मागून मिरचीची ऊब, आणि मग डोक्यांच्या रसाची ती चव, जी फक्त पकडून बारा तासही न झालेल्या कोलंबीला असते. मीठ बरोबर. रस्सा पळीवर चिकटेल इतका दाट, पण पिठाचा कच्चेपणा नाही. जूनमधल्या आणि या वाटीत चुलत बहिणींचं नातं होतं एवढंच. आईनं दोन वाट्या घेतल्या. ती जेवताना सहसा बोलते. त्या दिवशी बोलली नाही. मोठी वाटी १६० पेसो, तोर्तिया हव्या तेवढ्या.

बाकी पदार्थांचं थोडक्यात. कोलंबीचे वडे, म्हणजे ‘आल्बोंदिगास’, कच्ची कोलंबी वाटून केलेले, मऊ आणि छान, पण तास्तिवीलनंतर मागवू नका, तेच तेच वाटतं. सारान्देआदो, म्हणजे उभा चिरून, सपाट उघडून, मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेला मासा, किलोवर मिळतो. हा पदार्थ या बेटानंच पहिल्यांदा केला असं इथे प्रत्येकजण सांगतो. चांगला होता, थोडा जास्त भाजलेला. आग्वाचिले घेऊ नका. लिंबू-मिरचीतली ती कच्ची कोलंबी मुळात शेजारच्या सिनालोआची, आणि या बाईंच्या हातात ती जमून येत नाही. लिंबू फार, तिखट उशिरा. सिनालोआतलंच एस्कुइनापा पुढे उत्तरेला आहे, तिथल्या तामालमधून (मक्याचं पीठ पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ) अख्ख्या कोलंबीच्या मिशा बाहेर आलेल्या असतात, म्हणून त्यांना ‘बार्बोनेस’, दाढीवाले, म्हणतात. तिखट-आंबट खायचं असेल तर ते आणि आग्वाचिले तिकडे जाऊन खावं.

खाणावळीच्या त्रुटीही सांगायला हव्यात. सगळं ऑर्डर दिल्यावर सुरू होतं, म्हणजे तासभर धरून चला. कार्ड चालत नाही, रोख हवी. संडास घरातला आहे आणि रांग लागते. जत्रेच्या दिवशी एकट्या बाईंच्या अंगावर सगळं पडतं आणि वाढपात चुका होतात, आमच्या एका मैत्रिणीचं ताट त्या विसरल्याच होत्या. दुपारी तीननंतर पत्र्याखाली उकडतं, आणि संध्याकाळी डास.

जेवण झाल्यावर मुलगा आमच्याशी बोलत बसला. त्याचे आजोबा सहकारी संस्थेचे सभासद होते. १९४७च्या मासेमारी कायद्यानं कोलंबी फक्त सहकारी संस्थांसाठी राखून ठेवली होती, १९९२च्या कायद्यानं ते आरक्षण काढून टाकलं. संस्था अजून आहेत, तापोची पाळी, वाटे, राखण सगळं त्यांच्याकडूनच चालतं. पण त्याची खरी काळजी पाण्याची होती. १९७०च्या दशकात कोलंबीला समुद्रातून आत यायला सोपं जावं म्हणून उत्तरेकडे क्वाउत्लाचा कालवा खणला. वाळूत खणलेला तो कालवा लाटांनी खात खात शेकडो मीटर रुंद झाला, खारं पाणी आत घुसलं आणि कांदळवनाचे मोठे पट्टे वाळून गेले. कोलंबी वाढावी म्हणून केलेल्या कामानं कोलंबीचं माहेर उजाड केलं. गोडं पाणी आणणारी सान पेद्रो नदी अजून मोकळी वाहते, तिच्यावरच्या लास क्रुसेस धरणाच्या प्रस्तावाला मासेमारांनी आणि वरच्या डोंगरातल्या कोरा आदिवासींनी विरोध केला आहे. मी हे आईला मराठीत सांगत होते. ती म्हणाली, “त्याला विचार, कांदळ परत लावतात का?” लावतात, तो म्हणाला. त्याच्या बायकोनंच मागच्या वर्षी रोपं लावली होती. किती जगली, असं आईनं विचारलं. निम्मी.

बेटाबद्दल तुम्ही इतरत्र वाचाल ते आस्तलानबद्दल, म्हणजे आस्तेकांचं (अ‍ॅझ्टेक लोकांचं) मूळ स्थान हेच, असं. चौकातल्या छोट्या संग्रहालयात तेच सांगतात. जुन्या चित्रपोथीत एका बेटावरून निघालेले लोक आहेत हे खरं, पण ते बेट हेच, याला पुरातत्त्वाचा पुरावा नाही. संग्रहालय बघा, अर्धा तास पुरतो. पण तेवढ्यासाठी इतक्या लांब येऊ नका. इथे आज जिवंत आहे ते ओट्यांवर वाळत पडलेलं आहे.

सुकी कोलंबी बाईंकडेच घ्या. डोक्यासकटची आणि सोललेली, दोन्ही मिळतात. सोललेली म्हणजे थेट आपले सोडेच. ही कोलंबी मेक्सिकोभर जाते, लेंटच्या उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही तेव्हा तिच्या कुटाचे वडे घरोघर होतात. आम्हाला सोललेली ४५० पेसो किलोनं मिळाली. ओली असेल तर घेऊ नका, मोडून बघा, कट्‌ असा आवाज यायला हवा. घरी येऊन आईनं वांगं-बटाटा घालून कालवण केलं. मीठ जास्त असतं, तासभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्या.

ऑक्टोबरात जाताना हवामान मात्र बघून निघा. २०१८ मधलं विला आणि २०२२ मधलं रोस्लिन ही दोन्ही चक्रीवादळं २३ ऑक्टोबरलाच याच किनारपट्टीवर धडकली. बाईंच्या अंगणातला पत्रा रोस्लिननंतरचा आहे. शेवटची होडी अंधार पडायच्या आत पकडा.

ऑक्टोबरच्या जेवणाला पाचपैकी पाच, जूनच्या जेवणाला तीन. जत्रा बघायचीच असेल तर जरूर बघा, फक्त त्या दिवशी बाईंकडे लिसा मासा मागा.

निघताना आईनं पर्समधून ९०० पेसो काढून बाईंच्या हातात ठेवले. मला वाटलं हिशोबात चूक झाली, कारण बिल मी दिलं होतं. ती म्हणाली, “पुढच्या हंगामाचे दोन किलो. सांग तिला, एक ऊन जास्त देऊन ठेव.” आई आता परत गेली आहे. सप्टेंबरात बंदी उठली की मुलगा मला फोन करणार आहे.